जुनी डिस्क केसिंगमध्ये घालावी की नवी घ्यावी?

प्रश्न (थोडक्यात): नाशिकच्या एक वाचक भगिनी घरून टॅलीवर छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितात. २०१६ साली घेतलेल्या त्यांच्या डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला असून दुरुस्तीला ४,५०० रुपये सांगितले आहेत. आत १ टीबीची डिस्क आहे आणि तिच्यात सुमारे ४२० जीबी माल आहे: आठ वर्षांचे हिशेब, घरचे फोटो, खरेदीखत आणि सातबाऱ्याच्या स्कॅन प्रती. लॅपटॉपमध्ये ९० जीबीच जागा उरली आहे. दुकानदाराने चार भाव दिले: केसिंग (जुनी डिस्क आत बसवून यूएसबीने लॅपटॉपला जोडता येणारं कवच) १,८०० रुपये, नवी १ टीबी पोर्टेबल डिस्क ५,४००, २ टीबीची ७,२००, आणि मोठ्या डिस्कचा नवा लॅपटॉप ५४,०००, तोही 'नो कॉस्ट' हप्त्यांवर. जुना डेस्कटॉप डिस्कसकट १,५०० रुपयांना घ्यायला तो तयार आहे. हाताशी १०,००० रुपये बाजूला काढलेले आहेत. यजमान म्हणतात, घरात १ टीबी पडलेली असताना नवी कशाला? काय करावं?

उत्तर:

नमस्कार.

आधी निर्णय सांगतो. केसिंग घ्या आणि त्याच्या जोडीला १ टीबीची नवी डिस्क घ्या. दोन्ही मिळून ७,२०० रुपये होतात, म्हणजे २ टीबीच्या एका डिस्कचाच भाव. तेवढ्याच पैशांत तुमच्या हिशेबांच्या एका प्रतीऐवजी दोन प्रती होतात. मात्र केसिंगचे पैसे देण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत तपासायची आहे. ती तपासणी नापास झाली तर या बेतातलं केसिंग गळतं.

यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डिस्क चालू असेल तर ती फेकणं नुकसानीचंच. पण फक्त केसिंग घेऊन थांबलात तर आठ वर्षांचं काम नऊ-दहा वर्षं फिरलेल्या एकाच यंत्रावर राहतं, आणि हार्ड डिस्क दरवेळी सूचना देऊन बिघडत नाही. डिस्क वाचणारं हेड बिघडलं तर माहिती परत काढून देणारे बहुधा पाच आकडी रक्कम सांगतात आणि हमी देत नाहीत. नव्या डिस्कचे ५,४०० वाचवण्यासाठी तो धोका पत्करणं व्यवहाराचं नाही.

टीबीमागे भाव काढला तर २ टीबीची डिस्क स्वस्त दिसते: टीबीला ३,६००, लहान डिस्कला ५,४००. दुकानात हाच हिशेब दाखवला जातो. पण नऊ वर्षांत तुमचे ४२० जीबी भरले, म्हणजे वर्षाला सरासरी ४७. मोबाइलचे फोटो वाढतात म्हणून ८० धरा. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबी दिसते, म्हणजे ५१० जीबी मोकळी राहतात आणि ती सहा वर्षं पुरतात. तोपर्यंत डिस्क बदलण्याची वेळ तशीही आलेली असेल. न वापरलेल्या टीबीचे १,८०० रुपये आज देण्यापेक्षा तेच केसिंगला द्या. पुढे जुनी डिस्क गेली तरी दुसरी साडेतीन इंची डिस्क त्याच केसिंगमध्ये बसते.

आता तपासणी. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडण्याआधी वायर भिंतीतून काढा आणि पत्र्याच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज डिस्कच्या सर्किटवर उतरणार नाही. डिस्कला दोन जोडण्या असतात: चपटी ७ पिनांची डेटा केबल आणि रुंद १५ पिनांची पॉवर केबल. ही साटा पद्धत. (रुंद पट्टीसारखी ४० पिनांची केबल निघाली तर ती जुनी आयडीई डिस्क. २०१६ च्या यंत्रात ती असण्याची शक्यता जवळजवळ नाही, पण निघालीच तर साटाचं केसिंग तिला चालणार नाही.) केबल वायरीला नव्हे, टोकाच्या प्लास्टिकला धरून ओढा. बाजूचे चार स्क्रू काढले की डिस्क सुटते. ती मऊ कापडात गुंडाळून दुकानात न्या आणि तुमच्यासमोर डॉकवर (उघडी डिस्क तात्पुरती जोडायच्या स्टँडवर) किंवा दुसऱ्या डेस्कटॉपला लावायला सांगा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कच्या स्वतःच्या नोंदी दाखवतं. स्वस्त डॉकमधून कधी कधी त्या नोंदी दिसत नाहीत. तसं झालं तर डेस्कटॉपच्या आतल्या साटा केबलला जोडायला लावा.

तिथे चार ओळी बघा. ०५ म्हणजे बाद होऊन दुसरीकडे हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि वाट पाहणारे सेक्टर, सी६ म्हणजे वाचण्याची आशा सुटलेले. या तिन्हींचा कच्चा आकडा ('रॉ व्हॅल्यूज' रकान्यातला) शून्य हवा. ०५ मध्ये चार-दोन असतील आणि वाढत नसतील तर दुसऱ्या प्रतीपुरती डिस्क चालेल. सी५ किंवा सी६ शून्याच्या वर असेल तर केसिंग घेऊ नका. चौथी ओळ ०९, म्हणजे एकूण किती तास डिस्क फिरली. रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस, नऊ वर्षं धरली तर २१,६०० तास होतात. आकडा ४०,००० च्या पुढे गेला असेल तर माझ्या मते त्या डिस्कवर १,८०० घालू नयेत.

नापास झालेल्या डिस्कचं काय? आधी नवी डिस्क घ्या आणि दुकानाच्या डॉकवरूनच एकदा सगळं उतरवून घ्या. क्रम महत्त्वाचा आहे: आधी टॅलीचा डेटा, मग कागदपत्रं, शेवटी फोटो, कारण मरणोन्मुख डिस्क मध्येच थांबू शकते. विंडोज 'दुरुस्ती करू का' विचारेल, नाही म्हणा. ती दुरुस्ती डिस्कवर लिहिते आणि खराब डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलंसुरलं पुसणं. टक्-टक् असा ठरावीक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका.

डिस्क पास झाली तर केसिंग निवडताना एक चूक हटकून होते. ४००-५०० रुपयांची केसिंग लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कची असतात. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क त्यांत मावत नाही, आणि केबलने बाहेर जोडली तरी फिरत नाही. तिच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, यूएसबी ५ च देतं. म्हणून डब्यात १२ व्होल्ट, २ अँपियरचा वेगळा अडॅप्टर हवाच. तो केसिंगलाच चिकटपट्टीने बांधून ठेवा, कारण लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरचं टोक कधी कधी त्याच भोकात बसतं आणि डिस्कचं सर्किट जळतं. यूएसबी ३.० लिहिलेलं आणि शक्यतो ॲल्युमिनियमचं केसिंग घ्या. बंद प्लास्टिकमध्ये दोन-तीन तासांच्या कॉपीत डिस्क तापते. तापमान ५० अंशांच्या वर गेलं तर थांबून थंड होऊ द्या.

डिस्क सरळ रेषेत, न वाकवता आत सरकवा आणि स्क्रू बसवा. आधी अडॅप्टर आणि स्विच, डिस्क फिरायला लागली की मग यूएसबी केबल. 'ही डिस्क फॉरमॅट करा' असा प्रश्न आला तर रद्द करा. काही केसिंगची चिप सेक्टरचा आकार वेगळा सांगते आणि भरलेली डिस्क रिकामी दिसते. दुसऱ्या केसिंगमध्ये किंवा डॉकवर तीच डिस्क नीट दिसते. काहीच दिसलं नाही तर विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडा, बऱ्याचदा डिस्कला नुसतं अक्षर (डी:, ई: असं) द्यायचं राहिलेलं असतं. जुन्या यूझर फोल्डरवर 'परवानगी नाही' आलं तर 'कंटिन्यू' दाबून थांबा. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी चावी मागितली तर ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडण्याची शक्यता जास्त.

दोन्ही डिस्क एकाच वेळी लॅपटॉपला लावा, मधला मुक्काम लॅपटॉपवर नको. ९० जीबीत ४२० मावणार नाहीत. यूएसबी ३ वर मोठ्या फाइल सेकंदाला १०० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे हिशेबाने सव्वा तास. पण हजारो छोटे फोटो असतील तर तीन तास धरा. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असली तरी केसिंगचा अडॅप्टर भिंतीवरच चालतो, म्हणून तो इन्व्हर्टरच्या प्लगला लावा. लिहिताना वीज गेली तर फाइली तुटतात. चालू डिस्क हलवू नका.

टॅलीबद्दल वेगळं सांगतो, कारण तुमचं उत्पन्न त्यावर आहे. आकड्यांच्या नावांची फोल्डर असलेला अख्खा 'डेटा' फोल्डर उचला, निवडक कंपन्या नकोत. टॅलीचा प्रोग्रॅम असा उचलून चालत नाही, तो लॅपटॉपवर नव्याने घाला आणि मग डेटाचा मार्ग द्या. प्रत्येक ग्राहकाची कंपनी उघडून शेवटची ताळेबंद रक्कम पाहा. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात, त्यामुळे 'जुनं आहे, जाऊ दे' म्हणून २०१९-२० पुसू नका. हिशेब आणि स्कॅन मिळून बहुधा १०-१२ जीबीच भरतील. तेवढं गुगलच्या मोफत १५ जीबीत पासवर्ड घातलेल्या झिप फाइलने तिसरी प्रत म्हणून जातं, फक्त तीच जागा जीमेलही खातो हे बघून घ्या. मोठ्या क्लाउडचं वार्षिक शुल्क तुम्हाला आज लागत नाही.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडे फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवा, वेगवेगळ्या वर्षांच्या वीसेक फाइली उघडून बघा. महिनाभर जुन्या डिस्कवर काहीही लिहू नका. मग ती दुसरी प्रत म्हणून दर महिन्याला एकदा ताजी करा आणि एरवी बंद ठेवा, शक्यतो बहिणीच्या किंवा आईच्या घरी. दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर चोरीत दोन्ही जातात.

खर्चाकडे वार्षिक नजरेने पाहा. नवी डिस्क पाच वर्षं धरली तर वर्षाला १,०८०. जुनी तीन वर्षंच चालली असं मानलं तर केसिंगचे वर्षाला ६००. म्हणजे महिन्याला १४० रुपये. राहिलेल्या २,८०० ला हात लावू नका, पुढच्या डिस्कची सुरुवात तीच.

५४,००० चा लॅपटॉप या प्रश्नाचं उत्तर नाही. हातातला लॅपटॉप काम करतोय, अडचण फक्त जागेची आहे. 'नो कॉस्ट' हप्त्यांत बँकेचं प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरचा १८ टक्के जीएसटी बहुधा तुमच्याच खिशातून जातो, शिवाय वर्षभराचा हप्ता मानगुटीवर बसतो. मदरबोर्डची दुरुस्तीही नको. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि २०१६ चं यंत्र ११ च्या अटींत बसत नाही.

करबचतीसाठी ३१ मार्चची घाई करू नका. संगणक साहित्यावर ४० टक्के घसारा मिळतो, १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्मा. ७,२०० वर पूर्ण घसारा २,८८०, त्यावर ५ टक्के कराने वाचतात १४४ रुपये. अनुमानित पद्धतीने (उलाढालीचा ठरावीक टक्का नफा मानून) विवरणपत्र भरत असाल तर तेही नाहीत. पक्कं बिल मात्र घ्या, नव्या डिस्कच्या वॉरंटीसाठी ते लागतं.

राहिला जुना डेस्कटॉप. १,५०० चा भाव डिस्कसकट आहे, आणि त्या डिस्कवर तुमच्या ग्राहकांचे जीएसटी क्रमांक, बँक खाती आणि तुमचं खरेदीखत आहे. डिलीट केलेलं परत निघतं, झटपट फॉरमॅट केलेलंही निघतं. रॅम, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेटचे दुकानदार जे देईल ते घ्या. डिस्कसाठी वाढवून देतो म्हणाला तरी ती तुमच्या पिशवीतच राहू द्या.