मोगरा छाट, मग कविता लिही

अगं, गच्चीवर फुलझाडं लावायचीत आणि प्रेमकविताही लिहायचीय म्हणतेस ना? तुझ्या गच्चीवर ऊन भरपूर आहे, तेव्हा मोगऱ्यापासूनच सुरुवात कर. आपल्या नाशिकची काळी माती कुंडीत नुसती भरू नकोस. ती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. वाळू आणि शेणखत मिसळ. थंडी ओसरू लागली की फांद्या बिनधास्त छाट, कारण मोगरा नव्या फुटीवरच कळ्या धरतो. पहिली तीन वर्षं माझा हात धजला नाही आणि मी उन्हाळाभर नुसती पानं बघत बसले. आता २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, ही माझी छाटणीची शेवटची तारीख.

प्रेमकवितेसाठी मात्र एप्रिलमध्ये दिवेलागणीला कुंडीपाशी बस. टपोऱ्या कळ्या तेव्हा उमलू लागतात. वास आधी येतो, उघडलेलं फूल नंतर दिसतं. त्या मधल्या वेळाबद्दल लिही. चंद्र-चांदणं लगेच आणू नकोस. ज्याच्यासाठी ओंजळ भरलीस, त्याच्या हातांबद्दल लिही. तो काय बोलला, कसा थांबला, तेवढंच पुरे.

प्राजक्तही लावायचाय म्हणतेस? लाव, पण त्याचा सडा पहाटेच वेचावा लागतो.

पहिली कविता झाली की ये, गच्चीवरच वाचू.