सराउंड बदलण्याआधी भिंतीतली तार बघा

म्हापशाचे मित्र, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. हॉल १२ बाय १६ फूट, ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर चालवणारा, जुना पण धडधाकट रिसीव्हर. उजवा सराउंड, म्हणजे मागच्या बाजूचा स्पीकर, दबलेला वाजतो, मधेच खरखरतो. म्हणून चवथीच्या आधी दोन्ही सराउंड बदलायचे आहेत, आणि २५ हजारांत बुकशेल्फ (सरळ समोर आवाज टाकणारे छोटे खोके) घ्यावेत की डायपोल (दोन विरुद्ध बाजूंना आवाज टाकणारे) असं तुम्ही विचारलंय. पण शेवटी जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय, 'उन्हाळ्यात बरा असतो.' माझ्या दृष्टीने सगळ्या पोस्टमध्ये महत्त्वाचं तेवढंच आहे. कृपा करून आणखी आठवडाभर काही विकत घेऊ नका.

हेच दुखणं मी तीन पावसाळे काढलंय, आणि त्यात पन्नास हजार घातलेत.

आमचं घर फोंडा तालुक्यात आहे. जुनं, चिऱ्यांचं, वर मंगळुरी कौलं. २०१४ साली डागडुजी केली तेव्हा हॉलच्या मागच्या बाजूला सराउंडसाठी तार भिंतीत घालून घेतली. वायरमनने खाच मारली, तार ठेवली, वरून गिलावा. पाइप घातला नाही. मला त्यातलं काही कळत नव्हतं. तार दिसत नाही एवढ्यावरच मी खूश होतो.

बाबांनी गावच्या जत्रेतल्या मराठी नाटकांत तीसेक वर्षं कामं केली. गुडघे गेल्यावर पणजीला जाऊन नाटक-सिनेमा बघणं संपलं, म्हणून घरातच चांगला आवाज असावा ही इच्छा. २०१६ च्या जूनमध्ये एक दिवस बाबा म्हणाले, "उजव्या विंगेत माणूस नाही रे." मी दोन-तीन दृश्यं लावून ऐकली. उजव्या मागच्या कोपऱ्यातून येणारा आवाज खरंच मलूल होता.

रिसीव्हर सर्व्हिस सेंटरला नेला. त्याचं नाव लिहीत नाही, लिहून आता उपयोगही नाही. तिथे कोणी उघडून बघत नाही. पावती करतात, खोका गोव्याबाहेर पाठवतात आणि तुम्ही फोन करत बसता. सात आठवड्यांनी रिसीव्हर परत आला. सोबत तपासणीचं बिल आणि कागदावर एक ओळ, दोष आढळला नाही. काउंटरवरच्या माणसाला विचारलं, मग आवाज का जातो? वर न बघता म्हणाला, "स्पीकर बदला." मला आजही राग येतो तो याचा. रिसीव्हर चांगला आहे हे त्यांनी सांगितलं ते खरंच होतं. पण रिसीव्हर आणि स्पीकर यांच्यामध्ये तारही असते, ती एकदा तपासून घ्या, एवढं वाक्य त्या सात आठवड्यांत एकानेही उच्चारलं नाही.

मी स्पीकर बदलले. चतुर्थी त्या वर्षी ५ सप्टेंबरला होती, त्याच्या आधल्या आठवड्यात १८ हजारांची जोडी आणली. लावली तेव्हा फरक फारसा पडला नाही, पण नवीन स्पीकर वाजून मोकळे व्हायला वेळ लागतो असं दुकानदार म्हणाला आणि मी ते धरून बसलो. डिसेंबरपर्यंत आवाज खरंच सुधारला. मी चार जणांना छातीठोकपणे सांगितलंही, की जुने स्पीकरच खराब होते.

२०१७ चा जून आला आणि पुन्हा तेच. आता मात्र घरात वेगळा संशय आला. बाबा सत्तरी पार केलेले, तेच सतत उजवीकडचं येत नाही म्हणायचे. आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासणीत दोन्ही कान वयाच्या मानाने उत्तम निघाले. परतताना गाडीत ते काही बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याचं मला पन्नास हजारांपेक्षा जास्त वाईट वाटतं. पहिल्या दिवसापासून बरोबर ऐकणारे घरात तेच एकटे होते.

तरीही मी शिकलो नाही. त्या वर्षी ३२ हजारांची दुसरी जोडी आली, मोठ्या वूफरची, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याची.

शेवटी २०१८ च्या जुलैत, भर पावसात, शेजारचा मुलगा विजेला होणारा अडथळा ओहममध्ये मोजायचा मीटर घेऊन आला. इलेक्ट्रिशियनचं काम शिकत होता. त्याने रिसीव्हर बंद केला आणि उजव्या सराउंडची तार दोन्ही टोकांना सोडवली. स्पीकरकडची दोन टोकं एकमेकांना पिळून जोडली आणि रिसीव्हरकडच्या टोकांना मीटर लावला. डाव्या तारेचा आकडा ०.६ ओहम आला होता. उजवीचा ९ ते १२ च्या मध्ये नाचत होता, स्थिरच होईना. मग आम्ही गिलावा फोडत गेलो. दाराच्या चौकटीपासून हातभर अंतरावर सांधा सापडला. तार अपुरी पडली म्हणून वायरमनने दोन तुकडे नुसते पिळून, वर काळी टेप गुंडाळून भिंतीत गाडले होते. टेप ओढली तर ती ओल्या सालीसारखी हातात आली. आत तारेऐवजी पांढरी भुकटी, चिमटीत घेतली तर चुन्यासारखी लागत होती. मधे दोन-चार तंतू शिल्लक होते, तेही नख लावल्यावर तुटले.

ती तार तांब्याची नव्हतीच. अॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली, जिला सीसीए म्हणतात. सुक्या हवेत ती बरीच वर्षं चालते. पण उघडा सांधा, ओल आणि खारी हवा एकत्र आली की दोन धातूंमधलं अॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. आमची उजवी भिंत पश्चिमेची. नैर्ऋत्येकडून येणारा सगळा पाऊस तिच्यावर, आणि आपल्याकडे वर्षाला जवळपास ३००० मिलिमीटर पडतो. चिरा सच्छिद्र, पाणी पितो. जूनमध्ये सांधा भिजायचा, आवाज पडायचा. डिसेंबरपर्यंत भिंत सुकायची आणि तो बरा व्हायचा. मी स्पीकर बदलत होतो आणि श्रेय घेत होती ती कोरडी हवा.

हिशेबही सांगतो. ८ ओहमच्या स्पीकरला तारेतच १० ओहम आडवे आले, तर आवाज साधारण ७ डेसिबलने खाली येतो. आणि हे माझ्यासमोर लिहिलेलं होतं! रिसीव्हर सोबतच्या मायक्रोफोनने ऐकून सगळ्या स्पीकरांचा आवाज सारखा करतो. ते मोजमाप केलं तेव्हा उजव्या सराउंडला त्याने अधिक ६ डेसिबल दिले होते आणि डाव्याला उणे दीड. दोन सारखे स्पीकर, जवळजवळ सारखं अंतर, आणि साडेसात डेसिबलचा फरक. मी तो आकडा वाचला आणि ओके दाबलं. तुमच्या रिसीव्हरच्या मेनूत लेव्हलचं पान असेल, आज रात्रीच बघा. एक-दोन डेसिबलचा फरक खोलीमुळे येतो, मागे एका बाजूला खिडकी किंवा ओसरीचं दार असलं तर तीनपर्यंतही येऊ शकेल. त्याच्या वर असेल तर दुखणं दुसरीकडे आहे.

मोजमाप कसं घ्यायचं हे तुम्हाला येत असणार, त्यात शिरत नाही. फक्त क्रम सांगतो. आधी रिसीव्हरच्या मागे डाव्या आणि उजव्या सराउंडची तार अदलाबदल करा, अर्थात बंद करून. खरखर डावीकडे गेली तर रिसीव्हर. उजवीकडेच राहिली तर स्पीकर किंवा तार. मग उजवा स्पीकर भिंतीवरून उतरवून रिसीव्हरजवळ आणा, हातभर नवीन तारेने जोडा. नीट वाजला तर उरली तार. मीटर असेल तर तोही लावा. तांब्याची १६ गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप) तार १२ मीटर अंतरासाठी, जाऊन येऊन, ०.३ ओहमच्या आसपास दाखवते. मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावून येणारा आकडा त्यातून वजा करायचा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ दाखवतो, त्याला घाबरू नका, तो तसाच असतो. आणि हे सगळं पाऊस असतानाच करा. मार्चमध्ये केलंत तर सगळं ठीक येईल आणि तुम्ही माझ्यासारखे फसाल.

मी इंजिनियर नाही, अनुभवाचं बोलतोय. तुमचा दोष वेगळाही निघू शकतो. स्पीकरच्या कडेचा फोम पावसाळी हवेत कुजतो, तार जोडायचं टर्मिनल हिरवं पडतं, रिसीव्हरमधला रिले (स्पीकर जोडणारा आतला स्विच) खराब होतो. पण आधी फुकट तपासता येईल ते तपासावं, एवढं माझं मत पक्कं आहे.

तार बदलायची झाली तर शुद्ध तांब्याचीच घ्या. दुकानात ब्लेडने एक तंतू खरवडून बघा. वर लाल आणि आत पांढरा निघाला तर सीसीए, परत द्या. उलट वर पांढरा आणि आत लाल निघाला तर ते कथिल लावलेलं तांबं. तशी तार बोटींसाठी वापरतात, खाऱ्या हवेत ती उत्तम टिकते, मिळाली तर सोडू नका. १५ मीटरपर्यंत १६ गेज पुरते, मी २.५ चौरस मिलिमीटरची घातली कारण पुन्हा भिंत फोडायची नव्हती. एकच सलग तुकडा, मधे सांधा नाही. पाइपमधून घाला, आत एक जास्तीची दोरी सोडून ठेवा, आणि विजेच्या तारेच्या पाइपमध्ये ती घुसवू देऊ नका. वायरमन म्हणेल काही होत नाही. ऐकू नका, समोर उभे राहा. माझं सगळं काम, गिलाव्यासकट, साडेसहा हजारांत झालं. तार अडीच हजारांच्या आत.

तार चांगली निघाली आणि सराउंड खरंच बदलायचे असतील, तर माझं मत असं. डायपोल घेऊ नका. पुढेमागे ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत) करायचं मनात आलं तर त्यासाठी सरळ समोर आवाज टाकणारे स्पीकरच लागतात. बुकशेल्फ घ्या, तेही तुमचे पुढचे स्पीकर ज्या कंपनीच्या ज्या मालिकेतले आहेत त्यातलेच, नाहीतर गाडी पुढून मागे जाताना तिचा आवाज मधेच बदलतो. मोठ्या वूफरच्या मागे लागू नका, मी लागलो होतो. ८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे खर्जातलं, सबवूफरकडे जातं, त्यामुळे सराउंडला चार-पाच इंची वूफर भरपूर झाला. कड रबराची हवी, फोमची आपल्या हवेत नको. भिंतीवर टांगणार असाल तर मागे भोक असलेला स्पीकर टाळा. जागा कानाच्या रेषेपासून थोडी मागे, समोरच्या पडद्यापासून मोजून ११० ते १२० अंशांवर, आणि कानाच्या हात-दीड हात वर. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर आधी तो दोन फूट पुढे ओढा. त्याचे पैसे पडत नाहीत, आणि फरक नवीन स्पीकरांपेक्षा जास्त पडतो.

तुमच्या २५ हजारांतले पैसे उरले तर ते मधल्या स्पीकरवर घाला. नाटक-सिनेमा बघणाऱ्या घरात संवाद कळणं सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळ्यांना पटत नाही, इथेच यावरून वाद झालेत, पण माझं मत बदललेलं नाही.

चिऱ्याच्या भिंतीत साध्या प्लगने स्क्रू धरत नाही, काही महिन्यांत हलायला लागतो. आधी लाकडाची पट्टी चार लांब स्क्रूंनी बसवा आणि स्पीकर त्या पट्टीवर. मे महिन्यातला पाऊस आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, दोन्हींत वीज कडाडते. तेव्हा नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि टीव्हीची केबल आणि इंटरनेटची तारही काढा, वीज तिथूनही घुसते. पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी रिसीव्हर चालू ठेवा, आतली ओल जाते. मागच्या जाळीतून मुंग्या आणि पाली शिरतात, तिकडे लक्ष असू द्या.

बाबा आता ७६ चे आहेत. नवीन तार घातली त्या रात्री मी त्यांना न सांगता पावसाचं एक दृश्य लावलं. ते उठून उजवीकडची खिडकी बंद करायला गेले. खिडकी बंदच होती.

तुमच्या डाव्या आणि उजव्या तारेचे आकडे, आणि रिसीव्हरच्या मेनूतली दोन्ही सराउंडची लेव्हल, एवढं इथे लिहा. उजवी भिंत कोणत्या दिशेची आहे तेही. मग पुढचं बघू.