वाचकांचे प्रश्न : पडण्याची भीती आणि बसून राहण्याचा धोका

प्रश्न : माझ्या आईचे वय ७६ वर्षे आहे. तीन महिन्यांपूर्वी ती न्हाणीघरात घसरून पडली. हाड मोडले नाही, परंतु तेव्हापासून आम्ही तिला जागचे हलू देत नाही. हवे ते हातात आणून देतो. आता तिला खुर्चीतून उठतानाही आधार लागतो. हे वयामुळे आहे की आमचे काही चुकले?

उत्तर : आपण जे केले ते मायेपोटी केले, तरीही स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे : आईंच्या या अवस्थेत वयाचा वाटा आहे आणि तीन महिन्यांच्या बसून राहण्याचाही मोठा वाटा आहे. साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचे सुमारे ३ ते ८ टक्के वस्तुमान कमी होते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. या झिजेला वैद्यकात सार्कोपेनिया म्हणतात. स्नायू जेवढा घटतो त्याहून त्याची ताकद अधिक वेगाने घटते, आणि त्यातही आधी झिजतात ते झटकन आकुंचन पावणारे स्नायुतंतू. पाय अडखळला की दुसरा पाय क्षणार्धात पुढे टाकून तोल सावरण्याचे काम याच तंतूंचे असते. म्हणून तरुण माणूस ठेचकाळतो आणि सावरतो, तर वृद्ध माणूस तेवढ्याच ठेचेने पडतो.

या झिजेला अंथरूण आणि खुर्ची किती हातभार लावतात, याची कल्पना २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून येते. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवले असता त्यांच्या पायांतील चरबीविरहित वस्तुमान, म्हणजे मुख्यतः स्नायू, सुमारे एक किलोने घटले. हाडांचेही तसेच आहे. शरीराचा भार आणि स्नायूंची ओढ यांच्यामुळेच हाड घट्ट राहते आणि तो ताण थांबला की ते विरळ होऊ लागते. पडण्याच्या भीतीने माणूस बसतो, बसल्याने पाय दुबळे होतात, आणि दुबळ्या पायांमुळे पुढचे पडणे अधिक जवळ येते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी कुटुंबांत हे चक्र सुरू झालेले दिसते, आणि ते सुरू करणारी माणसे बहुतेक वेळा सर्वांत अधिक काळजी घेणारीच असतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मात्र गेलेली ताकद बऱ्याच अंशी परत मिळवता येते. १९९० साली अमेरिकेतील बॉस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या, संस्थेत राहणाऱ्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करून घेतले गेले. ज्यांनी ते पूर्ण केले त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. आपल्या आई त्यांच्यापेक्षा बऱ्याच लहान आहेत.

व्यायामाआधी त्यांची तपासणी करून घ्या, कारण त्या घसरल्या असे आपण समजता, पण त्याआधी त्यांना क्षणभर भोवळ आली होती का, हे विचारायला हवे. झोपलेल्या स्थितीत आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर पडण्याचे कारण तिथेच सापडू शकते. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या, नैराश्यावरच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या यांनीही तोल बिघडतो. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. मात्र स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी अचानक बंद करू नका. डोळ्यांतील मोतीबिंदू आणि तळपायांची कमी झालेली संवेदना याही गोष्टी पाहून घ्याव्यात.

त्यानंतर भिंतीला टेकवलेली, हातांची भक्कम खुर्ची घ्या. आईंनी टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घेऊन, पुढे झुकून, उठावे आणि सावकाश बसावे. सुरुवातीला हातांनी रेटा दिला तरी चालेल. पाच वेळा उठबस, दिवसातून दोन-तीनदा, आणि जमू लागले की हातांचा आधार हळूहळू कमी करावा. ओट्याला धरून टाचा उचलणे हा दुसरा व्यायाम. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरुवात झाली तर उत्तमच. पाण्याचा पेला त्यांना स्वतः आणू द्या. आपण शेजारून चाला.

आहारात प्रथिने पुरेशी हवीत. निरोगी वृद्धांसाठी दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली जाते, म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ५५ ते ६६ ग्रॅम. ती एकाच जेवणात न घेता दिवसभरात विभागून घ्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

प्रश्न : मी ६९ वर्षांचा पुरुष आहे. डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोअर उणे १.९ आला. 'हाडे ठिसूळ झालेली नाहीत' असे मला सांगण्यात आले. मी रोज चार किलोमीटर चालतो. एवढे पुरेसे आहे ना?

उत्तर : टी-स्कोअर म्हणजे आपल्या हाडांच्या घनतेची तरुण, निरोगी व्यक्तींच्या सरासरीशी केलेली तुलना. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या व्याख्येनुसार उणे २.५ किंवा त्याखालील आकडा म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडांचा ठिसूळपणा), आणि उणे १ ते उणे २.५ म्हणजे कमी घनता. आपण दुसऱ्या गटात आहात. ही रेघ सोयीसाठी ओढलेली आहे, तिच्या अलीकडे हाड मोडत नाही असा तिचा अर्थ नाही. किंबहुना मोडणाऱ्या हाडांपैकी बरीच या मधल्या गटातील लोकांची असतात, कारण त्यांची संख्याच मोठी आहे. म्हणून पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने हाड मोडले आहे का, आई-वडिलांपैकी कोणाचे खुब्याचे हाड मोडले होते का, दीर्घकाळ स्टिरॉइड घेतले आहे का, धूम्रपान करता का, हे प्रश्न त्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत. तरुणपणापेक्षा उंची सुमारे चार सेंटिमीटरने कमी झाली असेल तर मणक्यांचा एक्स-रे काढून घ्या, कारण मणक्याचे हाड अनेकदा फारसे न दुखता दबते. हा बायकांचा आजार आहे या समजुतीमुळे पुरुषांचे निदान उशिरा होते. वास्तविक पन्नाशीनंतर अंदाजे दर पाच पुरुषांमागे एकाचे हाड ठिसूळपणामुळे कधी ना कधी मोडते.

चालणे हृदयासाठी उत्तम आहे, ते सोडू नका. परंतु सपाट रस्त्यावर चालल्याने मांड्यांची ताकद आणि तोल पुरेसा सुधारत नाही. २०१९ साली अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले; मात्र हा लाभ प्रामुख्याने तोल आणि उठबस यांच्या व्यायामांचा होता, नुसत्या चालण्याचा तसा ठाम पुरावा मिळाला नाही. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम करा आणि रोज हाताशी आधार ठेवून एका पावलापुढे दुसरे पाऊल जोडून उभे राहण्याचा सराव करा. हात छातीवर घडी करून खुर्चीतून पाच वेळा उठून पाहा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषानुसार १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल तर स्नायूंची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : वर्षातून एकदाच ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस घेतला तर चालेल का?

उत्तर : नाही. ऑस्ट्रेलियातील सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिटांचा डोस दिला असता पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण उलट वाढले, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. कमतरता असेल तर डॉक्टर सांगतील त्या लहान, नियमित मात्रेत घ्यावे.

प्रश्न : मी एकटी राहते. पडले आणि उठता आले नाही तर काय करावे?

उत्तर : आधी घाई न करता पडून राहावे आणि कुठे तीव्र वेदना आहे का ते पाहावे. खुब्यात किंवा जांघेत कळ येत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला वाटत असेल, डोक्याला मार लागला असेल, तर उठण्याचा प्रयत्न न करता मदत बोलवावी. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असताना डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी तातडीने तपासून घ्यावे. दुखापत नसेल तर कुशीवर वळावे, कोपरावर आणि मग हातांवर भार घेऊन रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जावे, बैठकीवर दोन्ही हात ठेवावेत, ताकदीचा पाय पुढे घेऊन तळवा जमिनीवर टेकवावा, आणि उठून वळून खुर्चीत बसावे. काही मिनिटे तिथेच थांबावे. ही क्रिया कोणी सोबत असताना आधीच दोन-तीनदा करून पाहावी. उठता आले नाही तर जवळचे पांघरूण अंगावर ओढून घ्यावे आणि हातपाय अधूनमधून हलवत राहावे, कारण तासाहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिल्याने अंग गारठते, स्नायूंना इजा होते आणि त्वचेवर जखमा होतात. यासाठी मोबाइल टेबलावर न ठेवता सदैव अंगावरच्या खिशात ठेवावा, रोज ठरलेल्या वेळी कोणाला तरी फोन करण्याचा नेम ठेवावा आणि घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्यांकडे द्यावी. आणि पडल्यावर काही लागले नसले तरीही ते आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगावे.