बुरशीपासून वाढवलेल्या विटांनी घर बांधता येतं का? आणि पावसाळ्यात त्याच भिंतीतून पुन्हा अळिंब्या उगवणार नाहीत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नीट वाळवलेल्या आणि कोरड्या राहिलेल्या विटेतून काहीही उगवत नाही. पहिल्याला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल. मी असे फलक वाढवतो, म्हणून सांगतो, घराचं वजन या विटांवर टाकू नका. भिंतीच्या आत उष्णता आणि आवाज अडवायचं काम त्यांना द्या, ते त्या उत्तम करतात.

बनवायची रीत अशी. पेंढा, तूस किंवा लाकडाचा भुसा भिजवून वाफेवर निर्जंतुक करायचा, थंड झाल्यावर त्यात धिंगरी किंवा गॅनोडर्मा या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीचं स्पॉन, म्हणजे बियाणं, मिसळायचं आणि साच्यात भरायचं. अंधारात, २५ अंशांच्या आसपास ठेवलं की आठवड्या-दोन आठवड्यांत बुरशीचे तंतू प्रत्येक काडीत शिरतात आणि सगळा भुसा आपोआप बांधला जातो. वेगळा डिंक किंवा सिमेंट लागत नाही. साचा उघडला की वर पांढरी, मखमली साय दिसते. फलक मोडून पाहिला तर आतही प्रत्येक काडीभोवती पांढरं जाळं असतं. मधे सुट्या, तपकिरी काड्या दिसल्या तर तिथे बुरशी पोहोचलेलीच नाही, हवा कमी पडली किंवा भुसा फार दाबून भरला गेला. कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला तर तो ट्रायकोडर्मा, म्हणजे नको असलेली दुसरी बुरशी. असा साचा लगेच बाकीच्यांपासून दूर न्यायचा, कारण त्याचे बीजाणू वाऱ्यासारखे पसरतात.

आता ताकद. साधं काँक्रीट २० ते ३० मेगापास्कल (दाबाचं एकक) दाब पेलतं. न दाबता वाढवलेली बुरशीची वीट बहुतेकदा १ मेगापास्कलच्याही खाली राहते. गरम दाबयंत्रात दाबली तर ती बरीच कणखर होते, पण मग आतली हवा जाते आणि उष्णता अडवण्याचा गुणही कमी होतो.

तरीही मोठी बांधकामं झाली आहेत. न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली वास्तुविद डेव्हिड बेंजामिन यांच्या 'द लिव्हिंग' या संस्थेने सुमारे १०,००० विटांचे उंच, गोलाकार मनोरे उभारले होते. प्रदर्शन संपल्यावर विटांचं कंपोस्ट केलं. २०१७ मध्ये दक्षिण कोरियात, सोलला, वास्तुविद डर्क हेबेल आणि फिलिप ब्लॉक यांच्या गटांनी झाडासारखा फांद्यांचा सांगाडा केला, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक फांदीवर फक्त दाब येईल, ताण किंवा वाक येणार नाही, असा आकार त्यांनी गणिताने शोधला होता. कमकुवत सामग्रीकडून काम करून घ्यायचं तर आकारावर मेहनत घ्यावी लागते, हे त्यात स्पष्ट दिसतं. पण दोन्ही तात्पुरत्या रचना होत्या, राहती घरं नव्हेत.

म्हणून माझा सल्ला: सांगाडा लाकडाचा, बांबूचा किंवा नेहमीचा ठेवा आणि आतल्या पोकळीत हे फलक बसवा. उष्णता अडवण्यात ते थर्माकोलच्या जवळपास जातात. आग लागली तर थर्माकोल वितळून ठिबकतं. हे बाहेरून कोळशासारखं काळं पडतं आणि तो थर आतल्या भागाला काही वेळ वाचवतो. मात्र त्यांना अग्निरोधक समजू नका. थर्माकोल वापरून झाल्यावर पिढ्यान्‌पिढ्या पडून राहतं, हे मातीत जातं. मला या कामाची ओढ मुख्यतः त्यासाठीच आहे.

पाणी हा खरा शत्रू. वाळवताना बुरशी मरते, पण तिचे तंतू आणि पेंढा हे दुसऱ्या बुरशांचं अन्नच असतं, आणि फलक पाणी भराभर शोषतो. जमिनीला टेकू देऊ नका, बाहेरून पाऊस लागू देऊ नका, वर चुन्याचा किंवा मातीचा श्वास घेणारा गिलावा द्या. पाणी रोखायला बरेच जण इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारी प्लास्टिकसारखी राळ, फासतात, ते मला अजिबात पटत नाही. मातीत जाणाऱ्या वस्तूवर प्लास्टिकचं कवच चढवलं तर कंपोस्टचा मुद्दाच संपतो.

विकत घ्या किंवा स्वतः वाढवा, बसवण्याआधी फलक तोला. भट्टीत ७० ते ८० अंशांवर ठेवायचा, काही तासांनी पुन्हा तोलायचा. वजन उतरत असेल तर आत ओल आहे. दोन वजनं सारखी येईपर्यंत भिंतीत बंद करू नका.