रडणाऱ्या नातीला गप्प करू नका

प्रश्न : मेजरकाका, नमस्कार. आम्ही नाशिकरोडला जेलरोडवर राहतो. माझे सासरे, आबा, जंगी पलटणीतून निवृत्त झालेत. 71 च्या लढाईत ते आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. माझी मुलगी अकरावीला आहे. गेल्या महिन्यात तिचा आवडता गायक अचानक गेला. दोन दिवस ती धड जेवली नाही, मैत्रिणींबरोबर मेणबत्त्या लावायला कॉलेज रोडला गेली. त्याच आठवड्यात सीमेवर एक जवान गेल्याची बातमी पेपरात आतल्या पानावर आली होती. आबांनी ते पान तिच्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाले, "ह्याच्यासाठी लावलीस का एक तरी मेणबत्ती?" तेव्हापासून आजोबा-नातीचा अबोला आहे. मला आबांचंही पटतं आणि पोरीचंही वाईट वाटतं. समजूत घालायची तरी कोणाची?
— एक आई, नाशिकरोड

उत्तर : ताई, मुलीची समजूत घालू नका, तिनं काही वावगं केलेलं नाही. आबांची तर मुळीच घालायला जाऊ नका. त्यांना बोलतं करा.

पलटणीचं नाव वाचलं आणि मला वाटलं, आबांचा तो राग नातीवरचा नाही, फार जुना आहे. डिसेंबर 1971 मध्ये जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा लाइट इन्फंट्री, जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता रोखून बसली होती. आत पाकिस्तानची 31 बलुच पलटण. आपले ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर पलीकडच्या कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. 10 डिसेंबरच्या रात्री ते लोक वेढा फोडायला निघाले आणि थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळले. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. पुस्तकात हे सगळं चार ओळींत मावतं. त्या रात्री आबांच्या शेजारच्या मोर्च्यात कोण होतं, सकाळी त्यातलं कोण उठलं नाही, हे घरातल्या कोणी आबांना कधी विचारलंय का?

आणखी एक गोष्ट तुमच्या पिढीला ठाऊक नसते. त्या काळी गेलेल्या जवानाचा देह सहसा गावी येत नसे. 62, 65, 71, तिन्ही लढायांत बहुतेकांना आघाडीच्या मागेच अग्नी दिला गेला. घरी तार यायची आणि मागाहून त्याची ट्रंक. शवपेटी विमानानं आणायची, पुढे फुलांनी सजवलेल्या लष्करी गाडीतून गावात न्यायची, वाटेवर रांगोळ्या, शाळेची पोरं हातात झेंडे घेऊन उभी, हे 1999 च्या कारगिलपासून सुरू झालं. तिथं आपले 527 जवान गेले आणि देशानं पहिल्यांदाच टीव्हीवर त्या पेट्या पाहिल्या. आबांच्या सोबत्यांसाठी गाव जमलं नाही, कारण गावाला जमायला देहच नव्हता. पन्नास वर्षांहून जुनी ती खंत नातीच्या मेणबत्त्या पाहून वर आली असेल. म्हातारा माणूस एरवी ती कोणापुढे काढणार?

आता मुलीकडे या. परीक्षेच्या रात्री, बसमध्ये, मैत्रिणीशी भांडण झाल्यावर तिनं ज्याचं गाणं ऐकलं, तो गायक तिच्या ओळखीचा होता. पेपरातल्या जवानाचं नाव तिला कळलं ते तो गेल्यावर. ओळखीच्या माणसासाठी डोळे भरून येतात, अनोळखी माणसासाठी मान खाली जाते. माणसाचं मन असंच चालतं आणि त्यात देशाचा अपमान कुठेच नाही. मला तुम्ही मेजर म्हणता, पण मी तोफखान्यात हवालदार क्लार्क होतो, कारकिर्दीतला बराच काळ देवळालीत गेला. 6 फेब्रुवारी 2022 ला लतादीदी गेल्याची बातमी आली तेव्हा आमच्या माजी सैनिकांच्या कट्ट्यावरचे सगळे मिशावाले रडले. त्याच दीदी 27 जानेवारी 1963 ला दिल्लीत, चीनच्या लढाईत पडलेल्या जवानांसाठी उभ्या राहून गायल्या होत्या. लडाख आणि नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, काय घडलं ते त्या आवाजानं घराघरात पोहोचवलं. सरकारी पत्रकांना ते जमलं नसतं. कलावंताचा शोक आणि जवानाचा शोक एकमेकांच्या ताटातलं ओढून घेतात, असं निदान मी तरी कधी मानलं नाही.

नाशिकला तर हे सांगायलाच नको. 27 फेब्रुवारी 2019 ला बडगामला हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर पडलं, त्यात आपल्या शहराचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे गेले. 1 मार्चला गोदाकाठी त्यांना निरोप दिला तेव्हा कोणी आमंत्रण धाडलेलं नव्हतं, तरी माणसांची रीघ लागली होती. कॉलेजची पोरं होती, बाजारातले हमाल होते, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया होत्या. त्याच दिवशी रात्री अभिनंदन वर्धमान वाघा-अटारीवरून परत आले. सगळा देश त्या फाटकाकडे डोळे लावून बसला होता, आणि तो आनंदही खराच होता. मला बोचलं ते पुढचं. ऑक्टोबर 2019 मध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी सांगितलं की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं आणि ती आपली मोठी चूक होती. मार्चमध्ये हजारोंनी जमलेल्या माझ्या शहरात त्या आठवड्यात एकाही चहाच्या टपरीवर मला हा विषय ऐकू आला नाही. हार घालायला आपण धावतो. तो माणूस का गेला, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय केलं, हे विचारायला आपण थांबत नाही. आबांनी रागवायचंच असेल तर ह्या गोष्टीवर रागवावं, मीही त्यांच्या शेजारी बसून रागवेन.

जून 2020 चं उदाहरण बरेच जण देतात. 14 जूनला सुशांतसिंह राजपूत गेले आणि 15 जूनच्या रात्री गलवानमध्ये कर्नल संतोष बाबूंसह आपले 20 जवान गेले. पुढे कितीतरी महिने वाहिन्यांवर एकच विषय. पण ताई, त्या आरडाओरड्याला शोक म्हणू नये. एका तरुण माणसाच्या मरणाचा बाजार मांडला होता, त्यात त्याचा बापही भरडला गेला आणि गलवानच्या वीस घरांचं नावही मागे पडलं. तो दोष त्या वाहिन्यांचा. मनापासून रडणाऱ्या पोरींच्या माथी तो मारू नका.

जवानाला खरी माणसं लागतात ती दशक्रियेनंतर. निवृत्त झाल्यापासून मी जवानांच्या घरच्यांचे कागद करून देतो, सिन्नर, चांदवड, येवला, जिथून बोलावणं येईल तिथं जातो. सलामीच्या वेळी काय होतं ते बहुतेकांनी लांबून पाहिलेलं असतं. मी जवळून पाहिलंय. 'शोक शस्त्र' म्हटलं की जवान रायफलींची तोंडं जमिनीकडे करतात, माना झुकतात. बिगुल वाजतं, हवेत फैरी झडतात. त्याआधी पेटीवरचा तिरंगा उचललेला असतो, कारण झेंडा चितेवर जाऊ द्यायचा नसतो. घडी करून तो बायकोच्या किंवा आईच्या हातात देतात. एका गावात ती मुलगी, हो, मुलगीच म्हणायची, तेवीस-चोवीसची असेल, घडी छातीशी धरून उभी राहिली आणि कोणी घ्यायला आलं की हात आणखी घट्ट करायची. शेवटी तिची सासू म्हणाली, "राहू द्या तिच्यापाशी."

त्या घरी मी पुन्हा गेलो तेव्हा मांडव उतरलेला होता, फ्लेक्स फाटून तारेवर लोंबत होता. लहान बाळाची नोंद पार्ट टू ऑर्डरला चढलेलीच नव्हती. लग्न झालं, मूल झालं की जवानानं पलटणीत कळवायचं असतं, ते त्या ऑर्डरमध्ये छापून येतं, आणि ते आलं नसेल तर सरकारी दफ्तरात ते मूल नसतंच. बाप रजेवर आला की करणार होता. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, सासरी हाक मारायचे ते तिसरंच. लढाईत गेलेल्याच्या बायकोला शेवटच्या पगाराइतकं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, पण ते कागद जुळल्यावर. तोवर दीर म्हणतो पैसे आईच्या नावावर ठेवा, माहेरचे म्हणतात पोरीला घेऊन जातो. अंत्ययात्रेला आलेल्या त्या सगळ्या गर्दीतून एक माणूस, फक्त एक, तिला मोटरसायकलवर तहसीलला नेऊन आणायला पुढे आला. गावातला वायरमन होता तो. जवानाची कदर कोणी केली असं मला विचारलं, तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन.

तेव्हा घरात एवढं करा. मुलीला सांगा, त्या गायकाचं तिचं सगळ्यात आवडतं गाणं आबांना ऐकव आणि ते का आवडतं तेही सांग. आबा नाक मुरडतील, मुरडू द्या. मग वही-पेन घेऊन तिला त्यांच्यापाशी बसवा. जमालपूर म्हणजे काय, सोबत कोण होतं, त्यांची गावं कोणती, कोण गाणं म्हणायचं, कोणाचं लग्न ठरलं होतं, हे तिनं विचारावं आणि लिहून घ्यावं. सुरुवातीला आबा उडवून लावतील. फौजी माणूस आधी जेवणाबद्दल सांगतो, थंडीबद्दल सांगतो, माणसांवर शेवटी येतो. घाई करू नका. दिल्लीला इंडिया गेटपाशी राष्ट्रीय युद्धस्मारक आहे, 25 फेब्रुवारी 2019 ला त्याचं उद्‌घाटन झालं. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. आबांच्या तोंडून निघालेली नावं त्या भिंतींवर सापडतील. शक्य असेल तर दोघांना घेऊन जा. ज्यांची नावं तिनं आजोबांच्या शेजारी बसून लिहून घेतली, त्यांच्यासाठी ती रडेल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ते आता तिला अनोळखी असणार नाहीत.

प्रश्न : चित्रपट कलावंतांच्या पार्थिवावर तिरंगा का घालतात? तो फक्त सैनिकांचा मान नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, पंचवटी

उत्तर : नाही सर. ध्वजसंहितेनुसार शासकीय, लष्करी आणि निमलष्करी इतमामात होणाऱ्या अंत्यसंस्कारांत तिरंगा घालता येतो, केशरी पट्टा डोक्याकडे ठेवून. शासकीय इतमाम कोणाला द्यायचा हे राज्य सरकार ठरवतं. फेब्रुवारी 2018 मध्ये श्रीदेवी यांना तो दिला तेव्हा बराच वाद झाला होता. माझं मत विचाराल तर, जवानाच्या पेटीवरचा झेंडा त्यामुळे तसूभरही हलका होत नाही. पण कोणाला इतमाम आणि कोणाला नाही, ह्याचं कारण सरकारनं त्याच दिवशी लेखी जाहीर केलं पाहिजे. लोकांना खटकतं ते कारण न कळणं.

आपल्या शहरातलं एक उदाहरण. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला वारले. ज्यानं 1913 साली ह्या देशाला पहिला चित्रपट दिला, त्याची अखेरची वर्षं हलाखीत गेली आणि चित्रपटवाल्यांनी पाठ फिरवली होती. पांडवलेण्याच्या पायथ्याचं स्मारक फार नंतरचं. विसराळूपणाचा मार एकट्या जवानांच्याच वाट्याला येतो असं समजू नका.

प्रश्न : आमच्या गावचा जवान गेल्या वर्षी गेला. मंडळानं वर्गणी काढलीय, चौकात पुतळा बसवायचा विचार आहे. काही सुचवाल?
— तरुण मंडळाचा कार्यकर्ता, सिन्नर तालुका

उत्तर : पुतळ्याआधी त्याच्या आईला आणि बायकोला विचारा. रोज पाणी भरायला जाताना नवऱ्याचा चेहरा समोर यावा असं सगळ्यांनाच वाटत नाही, आणि पुतळा चेहऱ्याला जुळला नाही तर त्या घराला जन्मभराची बोच राहते. मी साधी शिळा सुचवीन. तिच्यावर त्याचं नाव, पलटण, जन्म आणि मृत्यूची तारीख, जागा, आईचं आणि वडिलांचं नाव. पुढाऱ्यांची नावं नकोत, देणगीदारांचीही नकोत. उरलेल्या पैशांतून त्याच्या मुलांच्या शाळेचा खर्च कोणी करतंय का ते पाहा. तो भागत असेल तर रक्कम 7 डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला द्या. हा निधी 1949 पासून माजी सैनिक, जखमी जवान आणि त्यांच्या कुटुंबांसाठी आहे. पैसे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरा, पावती घ्या आणि जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. दरवर्षी तो गेला त्या तारखेला शिळा कोण धुणार, ते आत्ताच ठरवून वहीत लिहून ठेवा.