फिशटँकच्या झाकणात डायरेक्ट 230 व्होल्टची एलईडी प्लेट लावली तर चालेल का?

चालेल म्हणजे पेटेल नक्की, पण लावू नका. तुम्ही लिहिलंय की दोन फुटाच्या टँकचं झाकण घरीच बनवताय, दुकानात डीओबी प्लेट मिळाली, त्यात ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवा तेवढाच करंट देणारं सर्किट, आतच असतो म्हणून वेगळं काही लागत नाही असं दुकानदार म्हणाला, आणि पुढेमागे रंग बदलणारी लाईट पण करायचीय. दुकानदार खोटं बोलला नाही, वेगळा ड्रायव्हर खरंच लागत नाही. फक्त त्या आतल्या ड्रायव्हरचं काम काय आणि काय नाही हे तो सांगत बसत नाही, त्याला मागे दहा गिऱ्हाईकं उभी असतात.

डीओबी म्हणजे ड्रायव्हर ऑन बोर्ड. ॲल्युमिनियमच्या गोल चकतीवर एसीचं डीसी करणारा एक ब्रिज रेक्टिफायर, एक छोटी काळी आयसी, दोन-तीन रेझिस्टर आणि बाकी सगळ्या एलईडी. यात ट्रान्सफॉर्मर कुठेच नाही. आपल्या घरातल्या 230 व्होल्टचं टोक साधारण 325 व्होल्टला जातं, म्हणून एलईडी एकामागे एक सिरीजमध्ये जोडून त्यांची बेरीज अडीचशे-पावणेतीनशे व्होल्टपर्यंत नेतात आणि वर उरलेले व्होल्ट आयसी स्वतःच्या अंगावर घेऊन उष्णता करून टाकते. आयसी करंट ठरवते, बस एवढंच तिचं काम. लाईनपासून वेगळं करणं, म्हणजे आयसोलेशन, ते यात नाहीच, त्यामुळे प्लेटवरची प्रत्येक एलईडी, प्रत्येक सोल्डरचा ठिपका हा थेट मेनच्या वायरला हात लावल्यासारखा आहे.

बल्बमध्ये हे चालतं कारण वर प्लास्टिकचा डोम आणि खाली प्लास्टिकची बॉडी, बोट पोचतच नाही. 2015 ला उजाला योजना आली आणि एलईडी बल्ब घरोघरी गेले, त्यानंतर रिपेअरवाले वाढले आणि त्यांच्यासाठी या सुट्या प्लेट तपकीर गल्लीत, लॅमिंग्टन रोडवर ढिगाने यायला लागल्या. बंद बॉडीत बसवायला ती वस्तू चांगलीच आहे, स्वस्त आहे, जिन्यात पॅसेजमध्ये मी पण वापरतो. पण फिशटँकचं झाकण म्हणजे वाफ, शिंतोडे, खाणं टाकताना ओले हात, आणि पाण्यात हीटर फिल्टर आधीच आहेत. शिवाय तांब्याच्या ट्रॅक आणि ॲल्युमिनियम यांच्या मध्ये इन्सुलेशनचा अगदी पातळ थर असतो, बसवताना स्क्रूचं डोकं जरा सरकून ट्रॅकला टेकलं की चकती लाइव्ह, आणि झाकण धातूचं असेल तर अख्खं झाकण लाइव्ह. एमसीबी यात काही करत नाही, ती ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी असते, माणसाला वाचवायला 30 मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, लागते आणि जुन्या सोसायट्यांमध्ये ती कितीतरी घरात नसतेच. वरून सिलिकॉन फासून वॉटरप्रूफ करतो असं म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा आणि पुढे जा.

दुसरं उष्णतेचं. 9 वॅटची प्लेट बल्बमध्ये ॲल्युमिनियमच्या कपात दाबून बसवलेली असते, ती लाकडी किंवा ॲक्रेलिकच्या झाकणाला नुसती चिकटवली तर उष्णता जाणार कुठे, काही दिवसांत एखाद्या एलईडीवर काळा ठिपका येतो आणि सिरीज असल्यामुळे अख्खी प्लेट बंद. मग लोक व्हिडिओ बघून ती एक एलईडी सोल्डरने शॉर्ट करतात आणि प्लेट परत पेटते. पेटते खरी, पण हिशोब बघा, 18 व्होल्टवाली एक एलईडी कमी झाली आणि साधारण 33 मिलिअँप करंट धरला तर 0.6 वॅट जास्तीची उष्णता त्या तांदळाएवढ्या आयसीवर गेली, ती आधीच तापलेली असते. अजून एक, ज्या प्लेटवर कॅपॅसिटर नसतो ती सेकंदाला 100 वेळा विझते-पेटते, डोळ्याला कळत नाही पण मोबाईलने माशांचा व्हिडिओ काढला की पट्टे पळताना दिसतात. आणि साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्याचं टोक साइन वेव्हपेक्षा खाली राहतं, त्यामुळे लाईट गेली की या प्लेट कधी कधी मंद पेटतात. प्लेट खराब झाली असं समजून लोक बदलायला जातात.

मग काय घ्यायचं, तर साईनबोर्डवाले वापरतात ते 12 व्होल्टचे सीलबंद मॉड्युल. दुकानांच्या पाट्यांमधल्या ॲक्रेलिकच्या अक्षरांमागे असतात ते, तीन एलईडी, वर लेन्स, पूर्ण प्लास्टिकमध्ये ओतलेले, आयपी67 (धूळ-पाणी आत जात नाही अशी खूण) लिहिलेले, मागे डबल टेप, आणि वायरने माळेसारखे जोडलेले. यातही ड्रायव्हर आतच असतो, पण दोन प्रकार येतात आणि विचारून घ्या. साध्यामध्ये नुसता रेझिस्टर असतो: तीन एलईडीचे मिळून 9 व्होल्ट, रेझिस्टरला उरले 3, आणि माळेच्या शेवटी वायरमध्ये एक व्होल्ट पडला की रेझिस्टरला राहिले 2, म्हणजे करंट जवळपास एक तृतीयांश कमी, शेवटचे दिवे पिवळट मंद. आयसीवाल्यामध्ये, दुकानात कॉन्स्टंट करंट म्हणून मागा, हा फरक फार कमी दिसतो. साधे मिळाले तरी अडत नाही, माळेला दोन्ही टोकांकडून सप्लाय द्या. नेहमीची स्ट्रिप मी झाकणात लावत नाही, वरचा सिलिकॉनचा थर वाफेने कडेला सुटतो आणि कापलेल्या टोकातून पाणी आत शिरतं.

दोन फुटाला 1.5 वॅटचे दहा मॉड्युल म्हणजे 15 वॅट, भागिले 12, सव्वा अँपियर. ॲडॉप्टर 2 अँपियरचा घ्या, अगदी काठोकाठ घेतला तर तो सारखा गरम राहतो. खरी सेफ्टी या ॲडॉप्टरमध्ये आहे, कारण मेन आणि 12 व्होल्ट वेगळे करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर त्याच्या आत असतो, म्हणून पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा. त्याच्यावर चौकोनात चौकोन ही डबल इन्सुलेशनची खूण आणि बीआयएसचा आर ने सुरू होणारा नंबर बघा, बिननावाचा हलका फुलका लागणारा नको.

रंग बदलायचं म्हणाल तर डब्ल्यूएस2812बी नावाच्या रंगीत एलईडी घ्या, त्यात प्रत्येक एलईडीच्या पोटातच ड्रायव्हर आयसी बसवलेली असते आणि एका डेटा वायरवर सगळ्या चालतात. 5 व्होल्टवर चालते, फुल पांढऱ्यावर एका एलईडीला 60 मिलिअँपपर्यंत धरायचे, म्हणजे 60 एलईडीला 3.6 अँपियर, मोबाईलचा चार्जर लावू नका. ईएसपी8266 या छोट्या वायफाय कंट्रोलर बोर्डवर डब्ल्यूएलईडी हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं की मोबाईलवरून चालतं. डेटा लाईनमध्ये 330 ते 470 ओहमचा रेझिस्टर आणि सप्लायवर 1000 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर टाका. पण हे शोभेला, झाडं वाढवायला पांढरे मॉड्युलच ठेवा, आणि हा कंट्रोलर झाकणाच्या बाहेर ठेवा.

फिटिंग करताना ॲडॉप्टर टँकच्या वर किंवा मागच्या फळीवर खाली पडेल असा नको, भिंतीला लावा, आणि वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. हे फिल्टर हीटरच्या वायरलाही लागू. टायमर लावून दिवसाला सात-आठ तास पुरे, नाहीतर काच हिरवी होते.

टँकमध्ये झाडं कुठली आहेत ते लिहिलं नाहीत. अनुबियास, जावा फर्न असेल तर हे दहा मॉड्युल पुरतील, तळाला झाडांचा गालिचा करायचा असेल तर पाण्याची उंची कळवा, मग संख्या वाढवावी लागेल.