कार्बुरायझिंग केलेल्या गिअरच्या कडेला ग्रेन बाउंड्रीवर काळ्या रेषा दिसतात, या क्रॅक आहेत का?

तुम्ही लिहिलंय गिअर २०एमएनसीआर५ चा (क्रोमियम-मँगनीजचं स्टील) आहे, गॅस कार्बुरायझिंग (भट्टीतल्या गॅसमधून स्टीलच्या पृष्ठभागात कार्बन मुरवणं) झालंय आणि नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड, याने पॉलिश केलेल्या तुकड्याचं एचिंग करतात) लावल्यावर कडेला ग्रेन बाउंड्रीवर, म्हणजे धातूच्या कणांमधल्या सीमेवर, काळ्या रेषा दिसतायत. बहुतेक क्रॅक नाहीत. पण आधी तो तुकडा परत पॉलिश करा आणि नायटल न लावता मायक्रोस्कोपखाली ५०० पटीला बघा. मी हीट ट्रीटमेंटच्या लॅबमध्ये असतो, नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हेच पहिल्यांदा सांगतो, कारण एचिंग केलं की काय कशामुळे काळं झालंय ते ओळखूच येत नाही.

एचिंगशिवायही सगळ्या कडेने सारख्याच खोलीच्या, १०-२० मायक्रॉनच्या, बारीक मुळांसारख्या रेषा आत गेलेल्या दिसल्या तर ते इंटरग्रॅन्युलर ऑक्सिडेशन, म्हणजे कणांच्या सीमेवर झालेलं ऑक्सिडेशन. क्वेंच क्रॅक (गरम गिअर झटकन थंड करताना पडणारी) अशी नसते, ती एखाददुसरी असते आणि बरीच खोल जाते. होतं काय, भट्टीच्या गॅसमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ असतेच, ९३० डिग्रीला त्याने लोखंडाला काही होत नाही पण क्रोमियम, मँगनीज, सिलिकॉन यांना ऑक्सिजनची ओढ फार, ते ग्रेन बाउंड्रीवर ऑक्साइड होऊन बसतात. मग बाउंड्रीच्या आजूबाजूला क्रोमियम-मँगनीज कमी पडतं, हार्डनेबिलिटी (क्वेंचमध्ये कडक होण्याची क्षमता) उतरते आणि क्वेंचमध्ये तिथे कडक मार्टेन्साइटऐवजी त्याहून मऊ बेनाइट नाहीतर बारीक पर्लाइट तयार होतं. नायटलनंतरचा काळा पट्टा तो हाच, आणि माझ्या मते खरं नुकसान ऑक्साइडपेक्षा हा मऊ पट्टा करतो, कारण पृष्ठभागावरचा दाबाचा ताण जातो आणि फटीग लाइफ (वारंवार लोड येऊनही गिअर किती टिकतो ते) घसरतं.

रॉकवेल हार्डनेस टेस्टवर हे सापडणार नाही. ६० एचआरसीला (रॉकवेल सी स्केल) टेस्टचं टोक साधारण ८० मायक्रॉन आत घुसतं, म्हणजे मऊ कातडी पार करून खालचा कडक भागच मोजला जातो. मायक्रो विकर्सच (अगदी लहान खूण करणारी हार्डनेस टेस्ट) घ्या, कमी लोडवर.

नायटलनंतर काळ्याऐवजी पांढरी जाळी दिसली तर मात्र गोष्ट वेगळी, ते सिमेंटाइट (लोखंडाचं कार्बाइड), कार्बन जास्त झालाय. भट्टीच्या गॅसचं कार्बन पोटेन्शियल (स्टीलला कार्बन देण्याची ताकद) कमी करा, डिफ्यूजचा, म्हणजे कार्बन आत पसरू देण्याचा, वेळ वाढवा.

ऑक्सिडेशन मुळातच नको असेल तर व्हॅक्यूम कार्बुरायझिंग, तिथे ऑक्सिजनच नसतो. ग्राइंडिंगने फ्लँकवरचा (दाताच्या बाजूवरचा) थर निघतो पण रूट (दाताचं मूळ) बऱ्याचदा तसंच राहतं आणि दात वाकताना सगळा ताण तिथेच येतो, म्हणून पुढचा तुकडा बघाल तेव्हा फक्त फ्लँक बघून ओके देऊ नका, रूटची कडही बघा.